टीव्ही नसलेलं घर

शनिवारी सकाळी सहा वाजता कमलाकररावांनी घरातल्या एकवीस इंची टीव्हीवर पांढरी चादर टाकली आणि तिच्या चारही टोकांना गाठी मारायला घेतल्या, तेव्हा कुंदाताई स्वयंपाकघराच्या दारात गाळणी घेऊन उभ्या होत्या.

"मेला का तो?" त्यांनी विचारलं.

"हळू बोल. अन् आभाले उठव. उचलू लागायले पाह्यजे."

"नेऊन कुठी राह्यले त्याले?"

"समोरच्या खोलीत. वामनरावच्या कापसात."

कमलाकरराव पांढरीपांडे दोन वर्षांपूर्वी घाटंजीच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. छत्तीस वर्षं लोकांच्या अर्जांवर शेरे मारलेल्या माणसाला रिकाम्या हाताने बसणं कठीण जातं, म्हणून ते आता स्वतःच अर्ज करायचे. वर्तमानपत्रांना, रेडिओला, रेल्वेला, जिथे पोस्टकार्ड पोहोचतं अशा कुठल्याही ठिकाणी ते लिहायचे. सरकारी वाहिनीने एक अख्खा रविवार कुटुंबासाठी द्यायचं ठरवलं, त्याला 'दिवस कुटुंबाचा' असं नाव दिलं आणि 'तुमच्या कुटुंबाचं वैशिष्ट्य कळवा' अशी पडद्यावर जाहिरात केली, तेव्हा कमलाकररावांनी त्याच रात्री पोस्टकार्ड काढलं.

अडचण एवढीच होती, की त्यांच्या कुटुंबाला काही वैशिष्ट्य नव्हतं. ते, कुंदाताई आणि कॉलेजात जाणारी आभा. भांडणं व्हायची, पण सांगण्यासारखी नाहीत. इकडे पुसदच्या साडूंचा, परसातल्या अडीच किलोच्या पपईसह, वर्तमानपत्रात फोटो आला होता आणि ते प्रत्येक लग्नात ते कात्रण खिशातून काढून दाखवत होते. कमलाकररावांना हे तीन वर्षांपासून सहन होत नव्हतं. त्यांनी टीव्हीवरची मालिका बघता बघता, मधल्या जाहिरातींच्या वेळात, लिहून टाकलं: 'आमच्या घरी टीव्ही नाही. रोज संध्याकाळी आम्ही सर्व जण एकत्र बसून सुसंवाद साधतो.'

उलट टपाली उत्तर आलं. शनिवारी आम्ही चित्रीकरणाला येतो, पुढच्या रविवारी दाखवू. कमलाकररावांनी लगेच चौतीस नातेवाइकांना चौतीस पोस्टकार्डं टाकली. पुसदचं पहिलं.

"अन् त्याईनं इचारलं, का आमची जाहिरात तुमी कुठी पाह्यली, तं?" कुंदाताईंनी चहा देता देता विचारलं.

"वाचनालयात."

"वाचनालयात टीव्ही कुठी हाय?"

"तू चहा गाळ."

"गाळला. तुमच्या हातातच हाय तो."

समोरच्या खोलीतला कापूस वामनरावांचा होता. वामनराव शेतकरी, कमलाकररावांचे शाळेपासूनचे दोस्त. त्या वर्षी कापसाचं सगळंच बिनसलं होतं. खरेदी केंद्र दोन दिवस उघडायचं, चार दिवस बंद राहायचं, आणि साऱ्या तालुक्याचा कापूस लोकांच्या घरात, ओसरीत, देवघरात पडून होता. वामनरावांच्या गावातल्या घरात आता माणसांना जागा उरली नव्हती. कमलाकररावांचं घर केंद्रापासून जवळ, म्हणून त्यांनी वीस गाठोडी इथे आणून टाकली होती आणि स्वतः बायकोला घेऊन नऊ दिवसांपासून केंद्राच्या आवारात रांगेत बसले होते. पांढरीपांड्यांच्या घरात तेव्हापासून वरणात कापूस, चहात कापूस आणि आभाच्या वेणीत कापूस होता.

कमलाकररावांनी टीव्हीच्या सगळ्या बाजूंनी कापूस ठासला, वरून आणखी एक जुनं धोतर बांधलं आणि तयार झालेलं गाठोडं बाकीच्या गाठोड्यांच्या तिसऱ्या रांगेत बसवलं. मागे सरकून पाहिलं. एकवीस गाठोडी, सगळी सारखी.

"कोन्या मायच्या लालाले सापडनार नाई," ते समाधानाने म्हणाले.

दहा वाजता जीप आली. तिच्यातून स्पृहा मॅडम, एक कॅमेरावाला आणि कानाला मोठे हेडफोन लावलेला आवाजवाला उतरले. स्पृहा मॅडम तिशीच्या, हसऱ्या आणि लगेच भारावून जाणाऱ्या होत्या. टीव्हीच्या रिकाम्या टेबलावर आभाने घाईघाईत गणपती ठेवला होता. तो पाहून त्या जागीच थांबल्या.

"किती छान! लोक जिथे टीव्ही ठेवतात तिथे यांनी गणपती ठेवलाय. हे घे रे आधी."

गणपतीचा शॉट झाला. मग त्या बाहेर अंगणात आल्या आणि त्यांची नजर वर गेली.

"काका, छपरावर ते काय आहे?"

छपरावर अँटेना होता. पण कुंदाताईंनी पहाटेच त्याच्यावर दोन परकर वाळत घातले होते.

"कपडे वाळू घालाचा दांडा हाय तो," त्या म्हणाल्या. "वर ऊन चांगलं लागते."

चित्रीकरण मागच्या अंगणात कडुनिंबाखाली ठरलं. तिघं बाजेवर बसले. आवाजवाल्याने बजावलं, की कुणी शिंकायचंसुद्धा नाही. जीपच्या ड्रायव्हरला पुढच्या दारात उभं केलं, आत येणाऱ्या प्रत्येकाला गप्प करायला. कमलाकररावांच्या घराची दारं एका रेषेत होती, त्यामुळे बाजेवरून त्यांना पुढच्या रस्त्यापर्यंत सगळं दिसत होतं. हे त्यांच्या दृष्टीने फार वाईट झालं.

कॅमेरा सुरू झाला. कमलाकररावांनी घसा साफ केला आणि कचेरीच्या मराठीत बोलायला सुरुवात केली. "आमच्या घरी टीव्ही नाही. संध्याकाळी आम्ही सर्व जण एकत्र बसतो. आमच्या घरात प्रत्येकाला बोलण्याची मोकळीक आहे..."

तेवढ्यात पुढच्या दारात वामनराव दिसले. ते पळत आले होते आणि आनंदाने हातवारे करत होते. केंद्र पुन्हा उघडलं होतं आणि नऊ दिवसांनी त्यांचा नंबर लागला होता. ड्रायव्हरने ओठांवर बोट ठेवून त्यांना थांबवलं, आत शूटिंग चालू असल्याची खूण केली. वामनराव समजूतदार माणूस. त्यांनी चपला काढल्या, दोन मजुरांनाही काढायला लावल्या, आणि तिघं जण अनवाणी, एक शब्द न बोलता, गाठोडी बाहेरच्या बैलबंडीत नेऊन टाकू लागले.

कमलाकररावांना समोरून एकेक गाठोडं जाताना दिसत होतं. पहिलं गेलं. पाचवं गेलं. नंतर एक गाठोडं एका मजुराला उचलेना. त्याने दुसऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून ते उचललं, एकमेकांकडे पाहिलं, पण बोलायची बंदी होती.

"...बोलण्याची... मोकळीक..." कमलाकररावांचा आवाज चिरकला. डोळ्यांत पाणी आलं.

"कट!" स्पृहा मॅडमचेही डोळे पाणावले होते. "काका, किती आतून आलं हो! आणखी एकदा घेऊ या."

"मॅडम, मले एक मिनिट समोर जाऊ द्या."

"नको, नको, भाव जाईल. बसा तसेच."

भाव तीन वेळा घेतला. तिसऱ्या वेळेला कमलाकरराव मोकळे होऊन समोरच्या खोलीत धावले, तेव्हा तिथे झाडून काढलेली फरशी होती. जाताना वामनरावांनी खोली झाडूनही दिली होती.

"गेला," ते कुंदाताईंना म्हणाले.

"अकरा वर्षं झाली होती," कुंदाताई म्हणाल्या आणि त्यांनाही खरंच वाईट वाटलं.

"काका, आता तुमच्या गावाची ओळख म्हणून कापसाचे चार शॉट हवेत," मागून स्पृहा मॅडम आल्या. "इथे जवळ कापूस कुठे बघायला मिळेल?"

कमलाकरराव त्यांच्याआधी जीपमध्ये जाऊन बसले. नवरा-बायको बाजारात एकत्र फिरताहेत असाही एक शॉट मॅडमना हवा होता, म्हणून कुंदाताईंनाही घेतलं.

खरेदी केंद्र एका जिनिंग कारखान्याच्या आवारात होतं. बंड्या, ट्रॅक्टर, बंड्यांखाली चुली, चुलींजवळ माणसं. नऊ-नऊ, अकरा-अकरा दिवस तिथेच राहून लोकांनी आवाराचं गाव करून टाकलं होतं. जीप आत शिरली तेव्हा वामनरावांच्या बंडीभोवती गर्दी होती. मधोमध कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर साहेब उभे होते, हातात कापसाची चिमूट, आणि त्यांच्या पायाशी सोडलेलं गाठोडं. गाठोड्याच्या मधून टीव्हीची काच चमकत होती.

"माह्या बावीस वर्षांच्या नोकरीत," ग्रेडर साहेब म्हणत होते, "कापसात दगड पाह्यले. पानी मारलेला कापूस पाह्यला. वजन वाढवाले टीव्ही टाकलेला पह्यल्यांदाच पाहून राह्यलो."

"साहेब, मी कायले टीव्ही टाकीन?" वामनराव म्हणाले.

त्यांची बायको वच्छलाबाई बंडीवरून उतरली. तिने टीव्ही पाहिला आणि तिचा निराळाच समज झाला.

"घेतला ना शेवटी? मी दोन वर्षांपासून म्हनून राह्यली, शिलाई मशीन घ्या, शिलाई मशीन घ्या. तं टीव्ही घेतला! अन् घेतला तं घेतला, मले सांगाचं सोडून कापसात लपवला!"

"अवो, मी नाई घेतला."

"मंग का सरकीतून उगवला?"

गर्दी हसली. वामनरावांनी टीव्हीकडे नीट पाहिलं. डाव्या कोपऱ्यातला ओरखडा पाहिला. क्रिकेटच्या कितीतरी मॅचेस त्यांनी कमलाकररावांच्या दिवाणावर बसून याच ओरखड्यासकट पाहिल्या होत्या. मग त्यांनी मान वर केली. समोर कमलाकरराव उभे होते, शेजारी स्पृहा मॅडम, आणि कॅमेरा चालू होता. 'टीव्ही नसलेलं घर' हा काय प्रकार आहे ते कमलाकररावांनी त्यांना आठ दिवसांपूर्वीच मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

वामनराव ग्रेडर साहेबांकडे वळले. "मले नाई माईत बा कोनाचा हाय," ते म्हणाले.

"तुमच्या गाठोड्यात निघाला, म्हंजे तुमचाच," ग्रेडर साहेब म्हणाले. "पुरी बंडी वापस. नंबर रद्द. पुन्हा रांगेत लागा."

"लागतो," वामनराव म्हणाले आणि खाली बसून गाठोडं पुन्हा बांधू लागले.

कमलाकररावांना तो क्षण फार जड गेला. चौतीस पोस्टकार्डं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. पुसदचे साडू गेले, पपई गेली. पण नऊ दिवस बंडीखाली झोपलेला हा माणूस त्यांच्या एका फुशारकीसाठी आणखी नऊ दिवस झोपायला निघाला होता, आणि तेही तक्रार न करता. कमलाकररावांना स्वतःची अतिशय लाज वाटली. ते पुढे झाले.

"साहेब, टीव्ही माझा आहे."

स्पृहा मॅडमनी त्यांचा हात धरला.

"काका, नाही!" त्या ग्रेडर साहेबांकडे वळल्या. "ग्रेडर साहेब, मी स्वतः आत्ता यांच्या घरून येतेय. यांच्याकडे टीव्ही नाहीये. मित्राला वाचवायला हे खोटा आळ स्वतःवर घेताहेत. अशी माणसं अजून आहेत हो जगात."

"तेच म्हनतो मी," वामनरावांनी खालून दुजोरा दिला. "त्याईच्या घरी टीव्ही नाईच. साहेब, तुमी नका ऐकू त्याईचं."

"वामनराव, माझाच आहे!"

"नाई, कमलाकरभाऊ."

"अरे, माझाच आहे!"

ग्रेडर साहेबांनी चष्मा काढला. "पावती?"

"घरी असेल. सापडणार नाही. पण त्याच्यावर दसऱ्याचं हळदकुंकू आहे, बघा."

"कोनाच्या टीव्हीवर नसते?"

कमलाकररावांनी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायचं ठरवलं होतं आणि अख्ख्या घाटंजीत ते पटवून घ्यायला माणूस मिळत नव्हता. तेव्हा कुंदाताईंनी पदर खोचला.

"सरका," त्या म्हणाल्या. "बटन कुठी हाय तुमच्या हापिसात?"

दोघा मजुरांनी टीव्ही उचलून ग्रेडर साहेबांच्या टेबलावर ठेवला. वायर जोडली. अँटेना म्हणून कुंदाताईंनी कापसाच्या गाठी बांधायच्या तारेचा तुकडा मागून खोचला. पडद्यावर काहीच आलं नाही.

"बंद हाय," ग्रेडर साहेब म्हणाले. "कोनाचाही असो, बंद हाय."

कुंदाताईंनी अंगठ्याने बटण दाबून धरलं आणि टीव्हीच्या उजव्या गालावर एक चापट मारली. दुसरी डोक्यावर. मग सात अंक मोजले. मग मागून, बरोबर पाठीत, एक जोरदार रट्टा दिला. टीव्ही खरखरला, पांढरा झाला, आणि पडद्यावर एक गृहस्थ शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोलू लागले.

आवारात एकच आरडाओरड झाली. माणसं बंड्यांवरून उड्या मारून धावली.

"अकरा वर्षं संसार केला याच्यासंगं," कुंदाताई स्पृहा मॅडमना म्हणाल्या. "आता पटलं?"

पटलं. ग्रेडर साहेबांनी लस टोचली जाईपर्यंत कार्यक्रम पाहिला, मग वामनरावांच्या कापसाची चिमूट पुन्हा ओढून पाहिली. "कापूस चांगला हाय. टीव्ही बाजूले काढा अन् मोजा," ते म्हणाले. वामनरावांचा कापूस दुपारपर्यंत मोजून झाला. वच्छलाबाई मात्र त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही, कारण टीव्ही आपला नाही हे कळल्यावर तिला थोडं वाईटही वाटलं होतं.

कमलाकरराव जीपजवळ गेले. स्पृहा मॅडम पायरीवर बसून पाणी पीत होत्या.

"मॅडम, चुकलं माझं. खोटं लिहिलं मी. आता ते दाखवू नका. ती टेप पुसून टाका."

मॅडमनी पर्समधून एक छापील पत्रक काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. 'दिवस कुटुंबाचा' असं वर मोठ्या अक्षरांत होतं आणि खाली ओळीने कार्यक्रम होते. दुपारी चार ते चार वाजून बारा मिनिटं: 'टीव्ही नसलेलं घर (घाटंजी)'.

"छापून गेलंय, काका."

"पण ते खोटं आहे!"

"असेल. पण छापलंय ना! आता बारा मिनिटं मी काय दाखवू?"

छत्तीस वर्षं कमलाकररावांनी स्वतः हेच उत्तर खिडकीपलीकडच्या माणसांना दिलं होतं. यावर अपील नसतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

टीव्ही न्यायला ते परत वळले, तर टीव्हीपुढे दीडशे माणसं बसली होती. मारेगावकडून आलेल्या मोतीबाई नावाच्या म्हातारीने टेबलाचा पाय धरून ठेवला होता.

"राहू दे ना बावा इथी," ती म्हणाली. "आमचा नंबर लागेलोक. आमी काय खाऊन टाकू का त्याले?"

कमलाकररावांना नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. टीव्ही राहिला. शिवाय जिनिंगच्या लायनीला लोडशेडिंग नव्हतं, त्यामुळे तो घरच्यापेक्षा जास्त चालणार होता. रोज सकाळी कुंदाताईंनी येऊन तो सुरू करून द्यायचा, असंही ठरलं.

अशा रीतीने कमलाकररावांच्या घरी खरोखरच टीव्ही नाही अशी स्थिती आली. त्या संध्याकाळी सात वाजता तिघं मधल्या खोलीत गणपतीसमोर एकत्र बसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"बोला," कुंदाताई म्हणाल्या.

पंधरा मिनिटांत आभाचा मागच्या वर्षीचा एक विषय राहिलेला असल्याचं बाहेर आलं. त्यावरून कमलाकरराव स्वतः मॅट्रिकला किती वेळा बसले तेही बाहेर आलं. तिथून गाडी कुंदाताईंच्या लग्नातल्या नथीकडे वळली, जी नणंदेने पाहायला म्हणून घेतली होती आणि अजून पाहत होती. दुसऱ्या दिवशीचा सुसंवाद तर दहा मिनिटांतच संपला आणि चहा बिनसाखरेचा आला. तिसऱ्या दिवसापासून कुंदाताई आणि आभा संध्याकाळी डबा घेऊन केंद्रावर जाऊ लागल्या.

रविवार उजाडला. 'दिवस कुटुंबाचा' सकाळी सातलाच सुरू होणार होता. कुंदाताई पावणेसातला गेल्या. आभा गेली. सारी आळी गेली. कापूस विकून मोकळे झालेले वामनराव वच्छलाबाईला घेऊन गावाहून मुद्दाम आले. कमलाकरराव एकटेच घरी राहिले. आपण येणार नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं.

ते दिवाणावर पडून राहिले. आठ वाजता केंद्राकडून भजनाचा आवाज आला. दहा वाजता हसण्याचा लोंढा आला. अकराला टाळ्या. सगळं गाव एका ठिकाणी हसतंय आणि आपण गणपतीकडे पाहतोय, हे त्यांना साडेबारापर्यंत सोसलं. मग त्यांनी टोपी घातली.

आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्ही एका बंडीवर उंच मांडला होता आणि माणसं गाठोड्यांवर, जुवावर, ट्रॅक्टरच्या टपावर बसली होती. पडद्यावर एक बाई कुटुंबासाठी सणाचा पुलाव करून दाखवत होत्या.

"पाव किलो काजू घ्यायचे," त्या म्हणाल्या.

"घेतले," मोतीबाई म्हणाली.

"केशर दुधात भिजत घालायचं."

"घातलं. पुढं सांग, बाई."

त्यानंतर सासू-सुनांची प्रश्नमंजूषा झाली. सुनेला सासूची आवडती भाजी विचारली, तिला सांगता आली नाही. यावर आवारातल्या सगळ्या सासवा एका बाजूला आणि सगळ्या सुना दुसऱ्या बाजूला सरकल्या. दोनला तमाशासारखा खडी गंमतीचा खेळ लागला, तेव्हा ग्रेडर साहेबांनी काटा बंद केला. तीनला आदर्श जोडप्याची मुलाखत आली. नवऱ्याने सांगितलं, की आम्ही तीस वर्षांत एकदाही भांडलो नाही.

"मंग केलं काय एवढे दिवस?" वच्छलाबाईने विचारलं.

कमलाकरराव एका बंडीच्या चाकाआड, टोपी डोळ्यांवर ओढून बसले होते. पावणेचारला वामनरावांनी त्यांना शोधून काढलं आणि दंडाला धरून पार पुढे, कुंदाताईंच्या शेजारी नेऊन बसवलं.

"भिऊ नका, कमलाकरभाऊ. मी हावो ना!"

चार वाजले. पडद्यावर घाटंजीची पाटी आली. मग गणपती. मग छपरावर वाळणारे दोन परकर, आणि आवारात पहिली शिट्टी वाजली. मग कडुनिंबाखालची बाज, आणि तिच्यावर बसलेले, इस्त्रीचा सदरा घातलेले कमलाकरराव पांढरीपांडे.

"आमच्या घरी टीव्ही नाही," ते पडद्यावरून म्हणाले.

सगळ्या माना पडद्यावरच्या कमलाकररावांकडून टीव्हीच्या लाकडी पेटीकडे, पेटीकडून पुढे बसलेल्या कमलाकररावांकडे वळल्या. मग जो हशा झाला त्याने बैल बुजले. कमलाकररावांना वाटलं, आत्ताच्या आत्ता कुणीतरी आपल्यालाही गाठोड्यात बांधावं.

वामनराव उभे राहिले. "हासता कायले?" ते ओरडले. "खोटं बोल्ले का ते? सांगा बरं, हाय का आज त्याईच्या घरी टीव्ही? आठ दिवसांपासून तं तुमीच पाहून राह्यले!"

गर्दीने विचार केला. ते खरं होतं.

"बरोबर हाय," मोतीबाई म्हणाली. "नाई हाय त्याईच्या घरी. इथी हाय."

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळी वाजवली, तिच्या टाळ्या झाल्या. कमलाकररावांच्या अंगात आठ दिवसांनी जीव आला. टोपी सारखी करत ते उठले, टीव्हीकडे पाठ केली आणि जमलेल्या लोकांकडे वळले. आता हे सगळं मुळापासून समजावून सांगायला हवं होतं, पोस्टकार्डापासून.

"मंडळी," त्यांनी सुरुवात केली, "त्याचं असं झालं, का मी ज्या दिवशी कार्ड लिहिलं, त्या दिवशी माह्या मनात..."

त्यांच्या पाठीमागून, पडद्यावरून, त्यांचाच चिरकलेला आवाज आला. "आमच्या घरात प्रत्येकाला बोलण्याची... मोकळीक..."

कुंदाताईंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून त्यांना खाली ओढलं.

"गप बसा ना जी!" त्या म्हणाल्या. "तुमी काय बोलून राह्यले ते ऐकू येऊन नाई राह्यलं!"